सोमवार ते शुक्रवार तुम्ही काय करता?

(अमेरिकेतील मराठी खाद्यलेखकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



आज मला हौशी बार्बेक्यूवाल्यांबद्दल बोलायचं आहे. नावाजलेल्या हॉटेलांबद्दल आपण पुष्कळ लिहिलं आहे, पाककृतींची तर रेलचेल आहे. पण आठवडाभर बँकेत, शाळेत, दवाखान्यात किंवा तेलाच्या कंपनीत नोकरी करून शनिवारी पहाटे घरामागे विस्तव पेटवणारी जी माणसं या देशात गल्लोगल्ली आहेत, त्यांच्याकडे आपल्या लेखणीचं फारसं लक्ष गेलेलं नाही. बार्बेक्यूविषयी आज जे पक्कं ज्ञान आहे, त्याचा मोठा वाटा या माणसांनी तयार केला आहे, आणि तो त्यांच्या पोटापाण्याच्या धंद्यातून आला आहे, असं माझं मत आहे. म्हणून अशा माणसाला भेटल्यावर मसाल्याचं प्रमाण विचारण्याआधी मी विचारतो, सोमवार ते शुक्रवार तुम्ही काय करता?

1952 मध्ये जॉर्ज स्टीफन शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करत होते. सरोवरात जहाजांना वाट दाखवणारे धातूचे तरंगते गोळे या कारखान्यात तयार होत. त्या काळच्या उघड्या शेगड्यांवर वाऱ्याने राख उडायची, पावसाने विस्तव विझायचा. स्टीफन यांनी असाच एक गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्या अर्ध्याचं झाकण केलं. अमेरिकेच्या अंगणाअंगणांत दिसणारी ती गोल शेगडी अशी जन्मली. पत्रा रोज हाताखालून जात होता, म्हणूनच त्यांना हे सुचलं. स्वयंपाकघरातच वावरणाऱ्या माणसाला ते सुचलं असतं असं मला वाटत नाही.

आता ब्रिस्केटचं उदाहरण घेतो. ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचं मांस. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते चालत नाही, याची मला जाणीव आहे. त्या मुद्द्यावर मी पुढे येणारच आहे. पण टेक्ससमध्ये राहून ब्रिस्केटला वगळून बार्बेक्यूविषयी बोलता येत नाही. बारा-चौदा पौंडांचा हा तुकडा 107 ते 120 अंश सेल्सिअसच्या मंद धगीवर बारा-बारा तास ठेवतात. सुरुवातीचे काही तास मांसाच्या आतलं तापमान नेमाने चढत जातं. मग 65 ते 75 अंशांच्या दरम्यान कुठेतरी ते अडतं. तासन्‌तास काटा हलत नाही, पाहुण्यांची यायची वेळ होते, घरातलं वातावरण तापतं. असं का होतं, याचं उत्तर वर्षानुवर्षं ठोकून दिलं जायचं. कुणी म्हणे चरबी वितळते, कुणी म्हणे चिवट तंतूंचं जिलेटिन होताना उष्णता खर्ची पडते.

या प्रश्नाचा निकाल ग्रेग ब्लॉन्डर यांनी लावला. हे भौतिकशास्त्रज्ञ, बेल लॅब्जमध्ये संशोधन केलेले. त्यांनी निव्वळ चरबीचा एक गोळा आणि पाण्याने भिजवलेला स्पंज सारख्याच धगीवर ठेवला. चरबीचं तापमान विनाखंड चढत गेलं. स्पंजचं मात्र मांसासारखंच मध्येच अडलं. म्हणजे दोष चरबीचा नव्हता. मांसाच्या अंगावरचा ओलावा उडत राहतो आणि उडताना मांसाला थंड करतो, जसं उन्हाळ्यात आपल्याकडच्या माठातलं पाणी गार राहतं तसं. ब्रिस्केट कागदात गुंडाळलं की हा अडथळा आवरतो, हे विस्तव सांभाळणाऱ्या पिटमास्टरना अनुभवाने माहीत होतं. त्याचं कारण सापडलं ते एका संशोधकाला, आणि ते शोधायला त्याला भिजलेल्या स्पंजाची गरज पडली. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. पुढे ब्लॉन्डर यांचे प्रयोग मीटहेड गोल्डविन यांच्या 2016 च्या पुस्तकात आले आणि घरच्या शेगडीपर्यंत पोहोचले.

ह्यूस्टनमध्ये आमच्या घरापासून चार घरं सोडून एक निवृत्त वेल्डर राहतात. आयुष्यभर तेलवाहिन्या जोडल्या. त्यांनी प्रोपेन वायूच्या जुन्या टाकीचा स्मोकर कसा केला, ते मी त्यांच्याजवळ उभं राहून पाहिलं आहे. अशी टाकी नुसती कापायला घेतली तर आत उरलेल्या वायूचा स्फोट होऊ शकतो, म्हणून आधी त्यांनी ती पाण्याने काठोकाठ भरली. मग खडूने रेघ मारून दार कापलं. एका अंगाला वेगळी जळणपेटी जोडली, दुसऱ्या अंगाला धुराडं. धुराड्याचं तोंड कुठे ठेवायचं यावर त्यांनी बराच वेळ घालवला. ते फार वर गेलं तर धूर छताला घासून निघून जातो आणि जाळीवर मांस कोरडंच राहतं, म्हणून त्यांनी ते जाळीच्या पातळीला आणलं. सगळं झाल्यावर मांस नाही ठेवलं. कच्च्या कणकेचे छोटे पाव त्यांनी जाळीभर ओळीने मांडले आणि आत ओकचा एक ओंडका सरकवला. थोड्या वेळाने दार उघडलं तर जळणपेटीजवळचे पाव काळे, मधले सोनेरी, कोपऱ्यातले अजून पांढरे. आपल्या स्मोकरची धग कुठे जास्त, कुठे कमी, याचा नकाशाच त्यांना मिळाला. त्यांनी तो वहीत काढून घेतला आणि जळणपेटीच्या तोंडाशी एक पत्रा तिरका जोडून पुन्हा तेच केलं. धूर कसा ओळखायचा हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड कोंडून जळतंय, मांसाला कडवटपणा येणार. विरळ, निळसर, दिसेल-न दिसेल असा धूर आला की मांस आत ठेवायचं.

त्यांना कुणी कारागीर म्हटलं तर ते मान हलवतात. नोकरीत हेच करत होतो, म्हणतात. अशा माणसाचं जोडकाम, खडूची रेघ, पाण्याने भरलेली टाकी आपल्या खाद्यलेखनात यायला हवी. ती येत नाही, कारण आपण जेवणाच्या वेळेला पोहोचतो.

काहींच्या बाबतीत हौसेचाच धंदा होतो. कॅन्सस सिटीतले बालमनोविकारतज्ज्ञ रिच डेव्हिस यांनी घरी करत आलेला सॉस 1970च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणला. केसी मास्टरपीस नावाचा हा सॉस पुढे किंग्सफर्ड या कोळशाच्या कंपनीने विकत घेतला. डॅनियल व्हॉन डॅलसमध्ये वास्तुविशारद होते; फावल्या वेळात टेक्ससभर हिंडून बार्बेक्यूवर लिहायचे. 2013 मध्ये ‘टेक्सस मंथली’ मासिकाने त्यांना बार्बेक्यू संपादक नेमलं आणि त्यांनी जुना पेशा सोडला. ऑस्टिनचे अॅरन फ्रँकलिन परसात मित्रांना जेवू घालत असत. 2009 मध्ये ट्रेलरमधून सुरुवात केली, 2015 मध्ये त्यांना जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. या कथा सर्वांना ठाऊक आहेत आणि त्या सांगायला सोप्याही आहेत, म्हणून मी तिथे थांबत नाही.

मला जास्त जवळच्या वाटतात त्या टूट्सी टोमानेट्झ. 1935 चा जन्म. टेक्ससमधल्या गिडिंग्ज गावी मांसाच्या दुकानात 1966 मध्ये त्या विस्तवाशी बसायला लागल्या. पुढे लेक्सिंग्टन गावच्या स्नोज बार्बेक्यूत काम करू लागल्या. हे ठिकाण फक्त शनिवारी उघडतं. 2008 मध्ये ‘टेक्सस मंथली’ने त्याला राज्यात पहिलं स्थान दिलं, देशभरातून लोक पहाटेपासून रांगा लावू लागले. पण टूट्सी आठवड्याचे बाकीचे दिवस गिडिंग्जच्या शाळांच्या देखभाल विभागात नोकरीच करत राहिल्या. 2018 मध्ये बार्बेक्यू हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली तेव्हा त्या ऐंशी पार केलेल्या होत्या. त्यांची नोकरी कुठली आणि हौस कुठली, असं वेगळं काढून दाखवता येईल का? मला तरी ते जमलेलं नाही.

इथे थांबून आपण एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. हौस करायला सुट्टीचा दिवस लागतो आणि अंगण लागतं. चाळीस तासांचा आठवडा या देशात 1938 च्या कायद्याने आणला. अंगण महायुद्धानंतरच्या उपनगरांनी दिलं. पण लाँग आयलंडवर 1947 मध्ये उभ्या राहू लागलेल्या लेविटटाउनमध्ये, कृष्णवर्णीयांना घर मिळू नये अशी अट करारातच छापलेली होती. आणि हीच ती माणसं, ज्यांच्या पूर्वजांनी दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलाम म्हणून रात्र-रात्र खड्ड्यांतले निखारे सांभाळले, अख्खी जनावरं भाजली आणि ही विद्या घडवली. त्यांच्यासाठी ती हौस नव्हती, बिनमोबदल्याची मेहनत होती. कॅन्सस सिटीत 1908 च्या सुमाराला वर्तमानपत्राच्या कागदात भाजलेलं मांस विकणारे हेन्री पेरी कृष्णवर्णीय होते. त्या शहराच्या बार्बेक्यूची परंपरा त्यांच्यापासून सुरू होते. तरीही पुढच्या काळात मासिकांतून, जाहिरातींतून परसातल्या शेगडीपाशी एप्रन बांधून उभा दिसला तो गोरा नवरामाणूस. एड्रियन मिलर यांनी 2021 च्या ‘ब्लॅक स्मोक’ या पुस्तकात हा पुसलेला इतिहास पुन्हा लिहून काढला. मिलर पेशाने वकील, क्लिंटन यांच्या काळात व्हाइट हाउसमध्ये काम केलेले, आणि बार्बेक्यू स्पर्धांचे प्रमाणित परीक्षक. पुरावा कसा गोळा करायचा हे वकिलाला शिकवावं लागत नाही. आपण या देशात उशिरा आलो आणि तयार अंगण आपल्याला मिळालं. म्हणूनच बार्बेक्यूवर मराठीत लिहिताना हा इतिहास गाळण्याची मुभा आपल्याला नाही, असं मी ठामपणे मानतो.

स्पर्धांबद्दल थोडं सांगतो. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी 1985 मध्ये स्थापन झाली. तिच्या स्पर्धांत चार प्रकार असतात: कोंबडी, डुकराच्या फासळ्या, डुकराचं मांस आणि ब्रिस्केट. परीक्षकांना वर्ग करावा लागतो, शपथ घ्यावी लागते. डबा कुणाचा हे त्यांना कळू देत नाहीत. रूप, चव आणि मऊपणा यांना 2 ते 9 असे गुण. या शिस्तीमुळे हौशी माणसाच्या हाताला नेमकेपणा येतो. पण या स्पर्धांनी दिलेलं सर्वांत मोठं काही वेगळंच आहे. 22 मे 2011 रोजी मिसूरीतल्या जॉप्लिन गावावर टॉर्नेडो कोसळला. स्पर्धांत उतरणारी काही मंडळी आपापले स्मोकर ट्रकांना जोडून तिकडे धावली. शंभर-दोनशे माणसांना पुरेल इतकं मांस रात्रभर भाजायची त्यांना सवय होतीच. काही दिवसांत त्यांनी लाखाच्या वर जेवणं वाढली. ‘ऑपरेशन बीबीक्यू रिलीफ’ ही संस्था त्यातून उभी राहिली आणि तेव्हापासून वादळ-पुराच्या ठिकाणी ती जाते आहे.

आता आपल्या घरांकडे येतो. डॅलसमध्ये एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या, मूळच्या नागपूरच्या एक ताई आहेत. घरी गोमांस चालत नाही, म्हणून त्या बोकडाचा खांदा पेकनच्या लाकडावर भाजतात. मांडी का नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘मांडीत चिवट तंतू कमी, ती लवकर कोरडी पडते. खांद्याला वेळ द्या, तो स्वतःच ओला होतो.’’ त्यांच्या वहीत तारीख, वारा, लाकूड, वजन, दर तासाचं तापमान असं सगळं सुबक रकान्यांत लिहिलेलं आहे. नमुन्याची नोंद न करता पुढे जायचं नाही, ही त्यांच्या कामातली सवय. मसाला मात्र सावजीच्या वळणाचा, घरी भाजून कुटलेला. हौशी मराठी माणसाने या परंपरेत घातलेली ही खरी भर आहे आणि तिची नोंद आजतरी त्या एका वहीपलीकडे कुठेही नाही. अलिबागकडची पोपटी, हिवाळ्यातला हुरडा यांवर आपण जिव्हाळ्याने लिहिलं. डॅलसच्या त्या अंगणावर कोण लिहिणार?

म्हणून मी या संमेलनापुढे एक ठराव ठेवतो आहे. पुढच्या वर्षभरात आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या शहरातल्या एका हौशी बार्बेक्यूवाल्याची सविस्तर मुलाखत घ्यावी. तो मराठी असो, मेक्सिकन असो, कृष्णवर्णीय असो. तो कुठलं काम करतो, ती विद्या विस्तवापाशी कशी उपयोगी पडते, कुणाकडून शिकला, लाकूड कुठलं वापरतो, रात्री त्याच्या सोबतीला कोण जागतं, हे त्याच्याच शब्दांत टिपावं. मुलाखत जेवणाच्या वेळी नको, आदल्या रात्री शेगडी पेटते तेव्हा घ्यावी. बोलणाऱ्याची परवानगी घेऊन या सगळ्या नोंदी एकत्र छापाव्यात आणि त्यातली पहिली प्रत त्यालाच द्यावी. ठरावाचा मसुदा कार्यवाहांकडे दिला आहे. उद्या सकाळच्या खुल्या अधिवेशनात तो मी मांडणार आहे. दुरुस्त्या सुचवायच्या असतील त्यांनी आज रात्रीपर्यंत लेखी द्याव्यात.