आभाळातली पैसेवारी



पावसाने ओढ दिली, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली, की पारावर एकच चौकशी सुरू होते : "औंदा आणेवारी किती लागणार?" १९५७ साली दशमान नाणी आली, आणे व्यवहारातून गेले, कागदावर पैसेवारी आली, पण गावच्या तोंडची आणेवारी काही गेली नाही. ती पन्नास पैशांच्या आत आली तर गाव टंचाईत धरायचे, ही जुनी रीत. हा अंदाज आधी नजरेने आणि मग पीक कापून, मळून, वजन करून बांधला जातो. आता या नजरेच्या जोडीला आणखी एक नजर आली आहे. ती आभाळातून पाहते. तिला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे आज आपण समजून घेऊ.

समजून घेण्याचे कारण साधे आहे. केंद्र सरकारने २०१६ साली दुष्काळाची नवी संहिता केली. तीत पावसाची तूट पहिली पाहायची. त्यानंतर पेरा किती झाला, जमिनीत ओल किती, धरणा-विहिरींत पाणी किती हे पाहायचे, आणि त्याबरोबर उपग्रहाने मोजलेली शिवाराची हिरवाईही पाहायची. २०१८ साली ३१ ऑक्टोबरला महाराष्ट्रात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तो याच नव्या कसोट्या लावून. म्हणजे तुमच्या आमच्या शेतावरून जाणाऱ्या त्या उपग्रहाची साक्ष आता दप्तरी दाखल होते, बरं का!

मग हा उपग्रह पाहतो तरी कसा? हिरवे पान अन्न तयार करण्यासाठी उन्हातला तांबडा प्रकाश शोषून घेते. तांबड्याच्या पलीकडे आणखी एक प्रकाश असतो, त्याला अवरक्त म्हणतात. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पण निरोगी पान तो भरपूर परत फेकते. पान तहानले, सुकले, की उलटे होते : तांबडा कमी शोषला जातो आणि अवरक्तही कमी परत येतो. आपल्या देशात १९७० साली डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी केरळातील नारळीच्या बागांची अशी अवरक्त छायाचित्रे हेलिकॉप्टरमधून घेतली होती, झाडांवरचा रोग ओळखण्यासाठी. उपग्रह तेच काम शेकडो मैल उंचीवरून करतो.

गुरुजी, यात वर्गासाठी एक सोपे गणित आहे. अवरक्तातून तांबडा वजा करा आणि आलेल्या वजाबाकीला दोहोंच्या बेरजेने भागा. समजा, भरघोस पिकावरून अवरक्ताचे ५० भाग आणि तांबड्याचे १० भाग परत आले. वजाबाकी ४०, बेरीज ६०, उत्तर ०.६७. सुकत चाललेल्या शेतावरून ३० आणि २० आले, तर वजाबाकी १०, बेरीज ५०, उत्तर ०.२०. हा झाला हिरवाईचा आकडा.

पण नुसत्या आकड्यावर भागत नाही. माळरानाचा आकडा काळ्या रानाइतका कधीच नसतो. म्हणून त्या जागेची तुलना त्याच जागेशी करतात, आणि तीही वर्षाच्या त्याच पंधरवड्यात. समजा, ऑगस्टच्या अखेरीस तुमच्या शिवाराचा आजवरचा सर्वांत चांगला आकडा ०.७० होता, सर्वांत वाईट ०.२०, आणि यंदाचा आहे ०.३०. पन्नासाच्या अंतरात आपण तळापासून दहाच चढलो. म्हणजे शंभरात वीस. दिसायला ही पैसेवारीच झाली की नाही?

दिसायला झाली, पण ती पैसेवारी नव्हे. पैसेवारी दाण्याची असते, ही पानाची आहे. आजच्या बोलण्यातली एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा. फुलोऱ्यात पाणी तुटले आणि पंधरा दिवसांनी सर आली, तर शेत पुन्हा हिरवेगार दिसते. कणसात मात्र दाणा भरत नाही. बांधावरची बाभूळ, पडीकातले तण, विहिरीकाठचा ऊस, सारे वरून हिरवेच. आणि ऐन खरिपात ढग आडवे आले की ही नजर आंधळी होते. ढगांतून पाहणारी रडारची नजर आहे. भारत आणि अमेरिका यांनी मिळून ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार हा उपग्रह त्याच जातीचा. पण कणसात दाणा आहे की नाही, हे तोही कणीस सोलून सांगू शकत नाही.

नजर सुधारत मात्र चालली आहे. महाराष्ट्राच्या त्या मोठ्या दुष्काळाच्याच साली, जुलै १९७२ मध्ये, अमेरिकेने लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे दीड एकर. १७ मार्च १९८८ रोजी आपला आयआरएस-१ए गेला. आणि युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रात एक ठिपका दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असतो. म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा! तरी अख्ख्या तालुक्याचा हिशेब करताना बहुधा याहून मोठे ठिपके घेतात, आणि मोठ्या ठिपक्यात तुमची ज्वारी नि शेजाऱ्याचा ऊस एकत्र मिसळतात.

म्हणूनच त्या संहितेत आणखी एक पायरी ठेवली आहे. तालुका कसोटीत बसला की त्यातली दहा टक्के गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची आणि प्रत्यक्ष शेतात जाऊन पिकाचे नुकसान पाहायचे. तेथे आभाळाची साक्ष संपते आणि तुमची सुरू होते. आता ही साक्ष ऐन वेळी तोंडी देऊन कशी चालेल? तिची तयारी पेरणीपासून हवी. २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी आहे. आपल्या गटात काय पेरले ते शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर छायाचित्रासह नोंदवायचे. ते टाळू नका. कुठल्या गटात ज्वारी आणि कुठल्या गटात ऊस, हे कागदावर नसेल तर हिरव्या ठिपक्याचा अर्थ कोण लावणार?

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, एक काम तुमच्या शाळेने करावे. गावातली चार शेते निवडा : एक कोरडवाहू, एक बागायती, एक पडीक, एक गायरान. दर पंधरवड्याला मुलांनी तेथे जावे आणि वहीत चार ओळी लिहाव्यात : तारीख, पाऊस किती, पीक केवढे, दाणा भरला का. त्याच जागी उभे राहून त्याच दिशेचे छायाचित्र घ्यावे. इस्रोचे 'भुवन' हे नकाशांचे संकेतस्थळ २००९ पासून सर्वांना पाहायला खुले आहे. आपले शिवार त्यावर मुलांना दाखवावे. पाच वर्षांत तुमच्या शाळेपाशी असे एक दप्तर होईल की, आभाळातला आकडा आणि जमिनीवरचे खरे यांत अंतर पडले, तर ते नेमके कुठे पडले, हे सातवीतली पोर बोट ठेवून दाखवील.

वरून पाहणाऱ्याला सबंध तालुका दिसतो, खाली उभ्या असणाऱ्याला कणसातला दाणा. निवाडा नीट व्हायचा तर दोघांचीही साक्ष लागते. वरची साक्ष दर थोड्या दिवसांनी न बोलावता येते. खालची मात्र आपल्यालाच लिहून ठेवावी लागते. यंदाच्या पेरणीपासून ती वही सुरू करा.