सामुदायिक विकास : संस्था, निधी आणि गाव

गावात एखादी विहीर बांधावयाची झाली की तीन प्रश्न उभे राहतात. ती कोठे बांधावी हे कोणी ठरवावयाचे? तिच्यासाठी लागणारा पैसा कोणी द्यावयाचा? आणि काही वर्षांनी तिचा कठडा ढासळला तर तो कोणी दुरुस्त करावयाचा? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच संस्थेपाशी असेल तर विहीर गावाची होते; ते तीन निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेले असेल तर ती कोणाचीच राहत नाही. स्वतंत्र भारतातील सामुदायिक विकासाचा इतिहास म्हणजे ही तीन उत्तरे एकत्र आणण्याच्या प्रयत्नांचा, आणि ती पुन्हा पुन्हा विलग होण्याचा इतिहास होय.

या कार्याचा आरंभ मोठ्या योजनेने झाला नाही. १९४८ साली उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात, महेवा या गावाच्या परिसरातील ६४ गावांत, अल्बर्ट मेयर या अमेरिकन नगररचनाकाराच्या कल्पनेनुसार एक प्रायोगिक प्रकल्प हाती घेण्यात आला. शेती, पशुसंवर्धन, आरोग्य अशा प्रत्येक खात्याचा कर्मचारी स्वतंत्रपणे गावात येण्याऐवजी, काही गावांसाठी मिळून एकच बहुउद्देशीय कार्यकर्ता असावा आणि त्याच्या पाठीशी तज्ज्ञांनी उभे राहावे, ही त्यामागील दृष्टी होती. पुढे देशभर दिसू लागलेल्या ग्रामसेवकाचे मूळ या प्रयोगात सापडते.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ सामुदायिक प्रकल्पांना देशात प्रारंभ झाला. प्रत्येक प्रकल्पात सुमारे ३०० गावे आणि दोन लाख लोकसंख्या समाविष्ट होती. नियोजन मंडळाच्या छायेखाली केंद्रीय प्रशासन स्थापन झाले आणि त्याची सूत्रे सु. कु. डे यांच्याकडे सोपविण्यात आली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. राज्यात विकास आयुक्त, जिल्ह्यात जिल्हाधिकारी, गटात गटविकास अधिकारी आणि गावात ग्रामसेवक, अशी ही उतरंड होती. खर्चाची वाटणीही ठरलेली होती : एकदाच करावयाच्या खर्चाचा ७५ टक्के आणि आवर्ती खर्चाचा ५० टक्के भार केंद्राने उचलावयाचा, उरलेला राज्याने. १९५८ पासून गटासाठी पहिल्या पाच वर्षांच्या टप्प्यात १२ लाख रुपये आणि दुसऱ्या पाच वर्षांच्या टप्प्यात ५ लाख रुपये, असे प्रमाण निश्चित झाले.

ही रचना नीटनेटकी होती यात संशय नाही. तथापि तिच्या नीटनेटकेपणातच तिचा दोष दडलेला होता. गटाला मिळणारी रक्कम नमुना अंदाजपत्रकाच्या शीर्षकांत आधीच वाटलेली असे. इतके सिंचनाला, इतके रस्त्यांना, इतके शिक्षणाला. ज्या गावाला रस्त्यापेक्षा पाण्याची निकड अधिक, त्यालाही शीर्षकाप्रमाणेच मागावे लागे. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपे आणि अखर्चित रक्कम परत जाई. म्हणून गटविकास अधिकाऱ्याच्या कामाचे माप, काय उभे राहिले यापेक्षा किती खर्च झाले, हे होऊन बसले. लोकांनी श्रम, रोख पैसा वा जमीन या रूपाने आपला वाटा द्यावा अशी अपेक्षा होती. परंतु ज्याच्यापाशी रोख पैसा वा जमीन नाही, त्याला श्रमच द्यावे लागत. रस्त्यावर माती टाकणारा भूमिहीन, आणि त्या रस्त्याने बाजाराला गाडी नेणारा दुसराच कोणी, असे घडले तर त्या श्रमाला लोकसहभाग म्हणावयाचे की वेठ, हा प्रश्न टाळता येत नाही.

जानेवारी १९५७ मध्ये नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सादर केलेल्या अहवालात या व्यवस्थेचे मर्म ओळखले. अधिकाऱ्याच्या सल्लागार समितीत बसलेल्या गावकऱ्याला जबाबदारी नसते, कारण त्याला अधिकार नसतो. यास्तव गाव, गट आणि जिल्हा या तीन स्तरांवर परस्परांशी सांधलेल्या संस्था असाव्यात, त्यांतील गटस्तरीय पंचायत समिती हा विकासकार्याचा कणा असावा, आणि त्यांच्याकडे खरा अधिकार व पुरेसा निधी सोपवावा, अशी शिफारस समितीने केली. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पंचायत राज्याचे उद्घाटन झाले.

महाराष्ट्राने मात्र थोडी वेगळी वाट धरली. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिल्हा हाच कार्यक्षम घटक मानला. १९६१ च्या कायद्यान्वये १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. जिल्हाधिकाऱ्यास परिषदेबाहेर ठेवून मुख्य कार्यकारी अधिकारी हे स्वतंत्र पद निर्माण करण्यात आले, आणि विकासखात्यांतील कर्मचारी परिषदेच्या नियंत्रणाखाली आणले गेले. राजस्थानने गटाला बळ दिले, महाराष्ट्राने जिल्ह्याला. दोन्हीकडे तत्त्व एकच होते : ज्या संस्थेला लोक जाब विचारू शकतात, तिच्याच हाती काम असावे.

यानंतर प्रवाह उलटा फिरला. अन्नटंचाईच्या काळात शेती-उत्पादनाला प्राधान्य आले, आणि १९६६ मध्ये सामुदायिक विकासाचे स्वतंत्र मंत्रालय अन्न व शेती मंत्रालयात विलीन झाले. लहान शेतकरी, अवर्षणप्रवण प्रदेश अशा एकेका प्रश्नासाठी स्वतंत्र कार्यक्रम आखले गेले, आणि त्यांच्याबरोबर स्वतंत्र यंत्रणाही आल्या. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून सर्व गटांत लागू झाला, तेव्हा त्यासाठी जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा स्थापन झाल्या. त्या संस्था-नोंदणी कायद्याखाली नोंदविलेल्या होत्या. त्यांच्या बँकखात्यात आलेला पैसा मार्चअखेर परत जात नसे, आणि केंद्राचा निधी राज्याच्या तिजोरीला वळसा घालून थेट तेथे पोहोचत असे. प्रशासनाच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हती. परंतु निवडून आलेली परिषद एकीकडे आणि पैसा दुसरीकडे, अशी फाळणी तिने घडवून आणली. परिषदेच्या सदस्याला मतदार विचारी, योजना का आली नाही. आणि योजनेचे अंदाजपत्रक तर त्या सदस्याच्या सभेपुढे आलेलेच नसे. केंद्रीय योजनांचा निधी राज्याच्या तिजोरीमार्फत देण्याची पद्धत २०१४-१५ पासून रूढ झाली, आणि जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणांची केंद्रीय योजना १ एप्रिल २०२२ पासून बंद करण्यात आली.

दरम्यान राज्यघटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आली होती. नियमित निवडणुका, महिलांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा, दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग, आणि अकराव्या अनुसूचीतील २९ विषय, हे तिचे मुख्य आधारस्तंभ होत. केरळने १९९६ साली लोकनियोजन मोहीम सुरू केली आणि राज्याच्या योजना-खर्चातील ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांच्या हाती देण्याचे ठरविले. तेथे आधी पैसा सोपविला गेला आणि नियोजनाचे शिक्षण त्याच्या आधारे झाले. क्षमता येईपर्यंत निधी अडवून ठेवण्याचा नेहमीचा क्रम उलटविण्यात आला. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळासाठी दोन लाख कोटी रुपयांहून अधिक अनुदान केवळ ग्रामपंचायतींना देण्याची शिफारस केली. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी तिन्ही स्तरांना वाटा दिला. मात्र त्यातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांच्याशी बांधून टाकली.

बांधलेला निधी आणि मोकळा निधी यांतील हा ताण जुनाच आहे. राष्ट्राने ठरविलेली निकड दुर्लक्षिली जाऊ नये हे खरे. पण सगळाच पैसा बांधलेला असेल तर ग्रामसभेला ठरविण्यासारखे काही उरत नाही. लोकवर्गणीचेही तसेच. २००२ सालच्या स्वजलधारा योजनेत भांडवली खर्चाच्या १० टक्के रक्कम गावाने भरावी आणि देखभाल पूर्णपणे स्वतः करावी, अशी अट होती. वर्गणीने आपलेपणा येतो, हा त्यामागील विचार. तो खरा ठरावयाचा असेल तर वर्गणी घरोघरच्या ऐपतीप्रमाणे ठरली पाहिजे, आणि ती देणाऱ्याला आराखड्यात बदल सुचविण्याचा अधिकार असला पाहिजे. गावाच्या नावाने ठेकेदारानेच रक्कम भरली, तर कागद पूर्ण होतो, आपलेपणा येत नाही.

या साऱ्या अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट होतात. बांधकामाला पैसा सहज मिळतो, देखभालीला मिळत नाही. म्हणून मंजुरीच्या वेळीच देखभालीचा खर्च कोण आणि कोणत्या उत्पन्नातून करणार, हे लिहिले गेले पाहिजे. घरपट्टी व पाणीपट्टी वसूल करण्याचे अवघड काम पंचायतीने टाळू नये, कारण जो कर देतो तोच हिशेब मागतो. आणि तो हिशेब ग्रामसभेत, गावाला समजेल अशा भाषेत वाचून दाखविला पाहिजे. वरून आलेल्या अनुदानाने माणूस लाभार्थी होतो. स्वतः ठरविलेल्या, आपलाही हातभार लागलेल्या आणि स्वतः तपासलेल्या खर्चाने तो नागरिक होतो. निधीची कोणतीही व्यवस्था अखेर याच कसोटीवर पारखली गेली पाहिजे.