ह्यूम आडनावाची माणसे



पाटाच्या चारीवरून रस्ता न्यावयाचा असला म्हणजे खाली जी सिमेंटची रुंद नळी पुरतात, तिला आपल्या गावोगावी ‘ह्यूम पाइप’ म्हणतात. परंतु फिरत्या साच्यात काँक्रीटच्या नळ्या घडविण्याची युक्ती 1910 साली ऑस्ट्रेलियात शोधून काढणाऱ्या वॉल्टर ह्यूम यांचे ते आडनाव आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1926 साली कंपनी स्थापून ती विद्या या देशात आणली. त्याच आडनावाचे तत्त्ववेत्ते डेव्हिड ह्यूम स्कॉटलंडात होऊन गेले, आणि सनदी नोकरीतून निवृत्त झालेल्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या पुढाकाराने 1885 च्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले. त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांतून तुम्हांस भेटतीलच.

माझे मन मात्र आपल्या नगरच्या ह्यूमसाहेबांपाशी रेंगाळते. डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म 1847 साली मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या एका पाद्र्याच्या घरी झाला. अमेरिकेत येल येथे विद्याभ्यास पुरा करून ते स्वजनांत राहिले असते, तर त्यांस कोणी दोष दिला नसता. पण ते परत आले, नगरास त्यांनी आपली कर्मभूमी मानले, आणि 1878 साली येथे ईश्वरविज्ञानाचे विद्यालय काढले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी पुढे तेथेच अध्यापन केले. ह्यूमसाहेबांच्या धर्मप्रसाराविषयी कोणाचा प्रामाणिक मतभेद असेल, तो असो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकामागून एक दुष्काळ पडून, सारा भरणे दूरच, पोटास भाकर मिळणेही रयतेस दुरापास्त झाले, तेव्हा या गृहस्थाने दुष्काळग्रस्तांसाठी आपली सारी शक्ती वेचली. त्या सेवेबद्दल 1901 साली सरकारने त्यांस कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. माझ्या मते त्या पदकापेक्षा त्या काळी वाचलेल्या जिवांचे मोल अधिक आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त हे ह्यूमसाहेब तुम्हांस भेटतील, ते पुस्तक ग्रंथालयातून अवश्य मागून घ्या. आणि ज्यांच्या घरी त्या दुष्काळाच्या हकिकती पणजोबांपासून चालत आल्या असतील, त्यांनी त्या या उन्हाळ्याच्या सुटीत वडीलधाऱ्यांस विचारून, गावाच्या नावानिशी वहीत उतरवून काढाव्यात. मुख्याध्यापकांस माझी विनंती आहे की, पुढील वर्षीच्या वार्षिक अंकात त्यांस जागा द्यावी.