घरबसल्या जगप्रवास



१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास आली व पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणास पोहोचला. आज जग पाहण्यास गाडीही लागत नाही. २००५ साली ‘गूगल अर्थ’ निघाले, २००९ साली आपल्या ‘इस्रो’चे ‘भुवन’ आले. डोंबिवलीच्या खोलीत बसून माझा नातू उल्हास नदीच्या काठाकाठाने खाडीपर्यंत जातो आणि क्षणार्धात नाईलवर उतरतो.

शाळेच्या भिंतीवरील मर्केटर पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसे; वस्तुतः आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. हे मी मुलांस कधी सांगितले नाही, याची खंत वाटते. पडद्यावरील फिरत्या गोलावर तो भ्रम राहत नाही.

गेल्या दिवाळीत नातवाने आमचे मूळ गाव काढले. वाडी दिसली, विहीर दिसली. त्यांची नावे मात्र कोठेच नव्हती. ती आपल्या वृद्धांच्या मुखी आहेत, आणि वृद्ध एकेक करून जात आहेत. म्हणून विनंती अशी की, नातवंडांनी आजीआजोबांशेजारी बसून आपले गाव पाहावे आणि शेत, पाणंद, देवराई यांची नावे विचारून लिहून ठेवावीत. जग अवश्य पाहावे. आरंभ मात्र आपल्या उंबरठ्यापासून करावा.