माशांचा सातबारा

(पनवेल येथील बैठकीतील भाषण)



आपण कापूस-ज्वारीची माणसे. पनवेलला येऊन माशांची गोष्ट कशाला, असे तुम्ही म्हणाल. गोष्ट हिशेबाची आहे.

या गावाजवळून गाढी नदी वाहते. माथेरानच्या डोंगरात उगम, पनवेलच्या खाडीत शेवट. एवढ्याशा नदीत माशांची तीन बिऱ्हाडे. वर खडकाळ, वेगाचे पाणी. तिथे दगडाला चिकटून राहणारा मळ्या. मधल्या डोहांत मरळ. खाली गोडे-खारे पाणी मिसळते, तिथे जिताडा. तो खाडीच्या तोंडाशी अंडी घालतो, पिल्ले उधाणाबरोबर आत येतात. पहिल्या पावसात नदीतले मासे उलटे चढतात आणि भातखाचरांत अंडी घालतात. इकडे त्याला वलगण म्हणतात, आपल्याकडे चढणीचे मासे.

म्हणजे वरपासून खालपर्यंत वाट एकच. ती अडली की बिऱ्हाड मोडते. गाढीवर वरच्या अंगाला देहरंगचे धरण झाले. शेजारची कासाडी तळोज्याच्या कारखान्यांमधून वाहते. तिच्या प्रदूषणाचे प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. उलवे नदीचा प्रवाह विमानतळासाठी वळवला. प्रत्येक कामाचा फायदा कागदावर आहे. खाडीवर पोट भरणाऱ्याचा तोटा कोणत्या कागदावर आहे?

जमिनीला सातबारा होता. तो हातात धरून १९८४ साली इथले शेतकरी लढले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. माशाला सातबारा नाही. बंदराच्या कामांनी मासेमारी बुडालेल्या १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये द्यावेत, असा निकाल हरित लवादाने २०१५ साली दिला. तोही दावा लावल्यावर.

आता आपल्या नाल्याकडे बघा. कापसावर फवारतो त्या सायपरमेथ्रिनचा थोडा अंश पाण्यात गेला तरी मासा मरतो. फवारणीचा पंप नाल्यात धुऊ नका. दुसऱ्याकडे हिशेब मागणाऱ्याने आपली बाजू आधी साफ ठेवावी.

आणि गावोगाव एक वही घाला. कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, कोणता मासा मिळतो; भोई-ढिवरांची किती घरे त्यावर जगतात. तारीख टाका, ग्रामसभेत वाचा, ठरावात नोंदवा. उद्या धरण किंवा कारखाना आला की साहेब विचारील, "इथे होते तरी काय?" तेव्हा ही वही त्याच्यापुढे ठेवा.