राणीछाप रुपया आणि दोन घरांचे वारस

(गिरड येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

आजीच्या गाठोड्यातून निघालेला राणीछाप रुपया कुणी हिंगणघाटच्या सराफाकडे नेला, की सराफ तो आधी वाजवून पाहतो आणि मग काट्यावर ठेवतो. न झिजलेला असेल तर काटा ११.६६ ग्रॅमवर थांबतो. जुना तोळा तो हाच. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. नाण्यावरच्या बाईकडे मात्र सराफाचे लक्ष नसते. मुकुट, गळ्यात हार, अंगात वेलबुट्टीचा झगा आणि चेहरा तरुण. हे रूप १८६२ साली भारतीय रुपयावर आले आणि १९०१ पर्यंत जवळजवळ तसेच राहिले. इंग्लंडच्या नाण्यांवर तिचा मुखवटा १८८७ मध्ये बदलला, १८९३ मध्ये पुन्हा बदलला, तिथे ती म्हातारी झाली. आपल्याकडे ती एका दिवसानेही मोठी झाली नाही.

गंमत अशी की १८६२ साली ही बाई नवऱ्याच्या सुतकात होती आणि त्या सुतकातून ती मरेपर्यंत उठली नाही.

व्हिक्टोरिया राणीचे चरित्र पुस्तकात वाचताना लंडनपासून सुरू करावे लागते. गिरडमध्ये ते सांगायचे, तर नागपूरच्या महालातल्या भोसल्यांच्या वाड्यावरून गेलेले बरे. हा सगळा मुलूख तेव्हा भोसल्यांचा. शिवाय दोन्ही घरांत एकाच सुमाराला एकच प्रश्न उभा होता: गादीला वारस कोण?

तारखाच पाहाव्यात. ६ नोव्हेंबर १८१७ रोजी इंग्लंडची राजकन्या शार्लट बाळंतपणात गेली, मूलही मेलेलेच जन्मले. तिसऱ्या जॉर्ज राजाला मुले पंधरा झाली होती, पण लग्नाच्या बायकोपासूनचे असे नातवंड ती एकटी. ती गेली आणि पुढची पिढीच उरली नाही. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २६ आणि २७ नोव्हेंबरला इकडे सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा वाजल्या. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले इंग्रजांपुढे हरले आणि पुढच्या वर्षी गादीवरून गेले.

१८१८ हे साल दोन्ही घरांत वारस शोधण्यात गेले. लंडनमध्ये राजाचे पन्नाशीला आलेले मुलगे घाईघाईने बोहल्यावर चढले. चौथा मुलगा एडवर्ड, म्हणजे ड्यूक ऑफ केंट, पंचवीसहून अधिक वर्षे एका फ्रेंच बाईसोबत संसार करत होता. तिला सोडून त्याने जर्मनीतल्या एका विधवा राजकन्येशी लग्न लावले. क्यू इथे त्याचे आणि थोरल्या भावाचे, क्लॅरेन्सच्या ड्यूकचे, लग्न एकाच मांडवात उरकले. आपल्याकडे खर्च वाचवायला दोन भावांची लग्ने एकत्र करतात, इथे वेळ वाचवायचा होता.

नागपुरात तोच प्रश्न दत्तकाने सुटला. दुसऱ्या रघूजींचा मुलीकडचा नातू बाजीबा याला दत्तक घेऊन तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसवले. पोर लहान होते. कारभार रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती गेला आणि बाळराजाची देखभाल दुसऱ्या रघूजींच्या विधवा बाकाबाईंकडे आली. हे दत्तक कंपनी सरकारला तेव्हा चालले. पुढच्या हकिकतीत हे विसरायचे नाही.

केंटच्या ड्यूकला २४ मे १८१९ रोजी मुलगी झाली. ती आठ महिन्यांची असताना तो वारला आणि सहा दिवसांनी तिचे आजोबा राजेही गेले. थोरले काका एकामागून एक औरस वारस न ठेवता गेले. २० जून १८३७ च्या पहाटे मोठे पाद्री आणि दरबारी केन्सिंग्टनच्या वाड्यावर आले आणि अठरा वर्षांच्या मुलीला झोपेतून उठवून सांगितले की ती आता राणी आहे. तोवर ती रोज आईच्याच खोलीत झोपत असे. राणी झाल्यावर तिने पहिल्या काही हुकमांत आपला पलंग त्या खोलीतून हलवायला लावला. पुढे जगाच्या मोठ्या भागावर चाललेल्या हुकमतीची सुरुवात अशी घरातून झाली.

याच दिवशी घराण्याची एक वाटणीही झाली. इंग्लंडच्या राजाकडे जर्मनीतले हॅनोव्हरचे राज्य होते आणि तिथल्या कायद्यात पुरुष वारस हयात असताना बाईला गादी नव्हती. ते राज्य काका अर्नेस्टकडे गेले. एकच घर, एकच मुलगी. खाडीच्या एका बाजूला ती राणी, दुसऱ्या बाजूला कुणीच नाही.

तिचे लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी झाले. नवरा आल्बर्ट, सख्ख्या मामाचा मुलगा. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे, पण हे नाते उलटे होते: आल्बर्टने आत्याची मुलगी केली. विदर्भातल्या एखाद्या जुन्या आजीने हे लग्न मोडीतच काढले असते. दोघांच्या जन्माला सुईणही एकच, सीबोल्ड नावाच्या जर्मन बाई. आणि मागणी घातली ती मुलीने. राणीला लग्नाचे कोण विचारणार? तिनेच आल्बर्टला बोलावून घेतले आणि विचारले.

सतरा वर्षांत नऊ मुले झाली. राणीला बाळंतपणाचा मनापासून तिटकारा होता आणि पत्रांतून ती तो लपवतही नसे. आठव्या वेळी, ७ एप्रिल १८५३ रोजी, डॉक्टर जॉन स्नो यांनी रुमालावर क्लोरोफॉर्म टाकून तो तिच्या नाकाशी धरला. मुलगा झाला, लिओपोल्ड. त्याला थोडे खरचटले तरी रक्त थांबत नसे. हा रक्ताचा आजार पुढे राणीच्या मुलींच्या मार्गे रशियाच्या आणि स्पेनच्या राजघराण्यांत पोचला.

पाळणा हलला त्याच वर्षी, ११ डिसेंबर १८५३ रोजी, नागपुरात तिसरे रघूजी वारले. राण्या होत्या, मुलगा नव्हता. थोरल्या अन्नपूर्णाबाई आणि वृद्ध बाकाबाई यांच्या पुढाकाराने नात्यातल्या यशवंतराव अहिररावांना जानोजी या नावाने दत्तक घेण्याचे ठरले. घरात हे काही नवे नव्हते, गेलेले राजेच दत्तक होते. पण १८१८ मध्ये जे चालले ते आता गव्हर्नर जनरल डलहौसींना चालेना. सल्लागार मंडळातल्या कर्नल लो यांनी विरोध नोंदवला. तो नोंदीतच राहिला. मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि वऱ्हाडाच्या शेजारचा हा काळ्या मातीचा कापूसपट्टा कंपनीच्या पदरात पडला.

मग वाडा रिकामा होऊ लागला. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात निघाले आणि मातीमोलाने गेले. जडजवाहीर कलकत्त्याला रवाना झाले. सामान हलवाल तर वाड्यालाच आग लावीन, असे एका राणीने बजावल्याची नोंद इतिहासकार के यांनी करून ठेवली आहे. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांच्या शापाने व्यापाऱ्याचा माल दगड झाला, अशी कथा आहे आणि ते जायफळासारखे दगड अजूनही सापडतात. नागपुरात उलटे झाले, दगडांचे रोख पैसे झाले.

बाकाबाई १८१६ पासून विधवा होत्या. बेचाळीस वर्षे त्यांनी ते घर सांभाळले. १८५७ मध्ये मुलूख पेटला तेव्हा त्यांनी आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध उठू दिले नाही. याबद्दल त्यांना आजही बोल लावला जातो. पण राज्य गेलेल्या, दत्तकाचे भवितव्य टांगणीला लागलेल्या घरातल्या म्हाताऱ्या बाईने हिशेब कसा मांडला असेल, हेही पाहायला हवे. हिशेब काही अंशी जमला. जानोजींना पुढे ‘देऊरचे राजे बहादूर’ हा किताब मिळाला. देऊर हे सातारा भागातले भोसल्यांचे मूळ गाव. नागपूरचे राज्य गेले, गावाचे नाव परत आले.

सप्टेंबर १८५८ मध्ये बाकाबाई गेल्या. दोन महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, राणीचा जाहीरनामा वाचला गेला: आम्हाला आणखी मुलूख नको, संस्थानिकांचे हक्क आम्ही पाळू. काही वर्षांत संस्थानिकांना दत्तकाच्या सनदाही मिळाल्या. नागपूरसाठी त्या उशिरा आल्या.

१४ डिसेंबर १८६१ रोजी आल्बर्ट वारला. राणी बेचाळीस वर्षांची होती. त्यानंतर एकोणचाळीस वर्षे तिने काळा पोशाख उतरवला नाही. आल्बर्टच्या खोलीत रोज दाढीचे गरम पाणी ठेवले जाई, कपडे काढून ठेवले जात. आपल्याकडच्या विधवेला पांढरे किंवा आलवण, तिला काळे. फरक एवढाच की तिच्यावर ते कुणी लादले नव्हते.

ती स्वतः हिंदुस्थानात कधीच आली नाही, मुले मात्र आली. आल्फ्रेडने १८७० मध्ये मुंबईत खलाशांच्या वसतिगृहाची पायाभरणी केली; त्या इमारतीत आज राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. थोरला एडवर्ड ८ नोव्हेंबर १८७५ रोजी मुंबईत उतरला; ‘काळा घोडा’ म्हणतात तो पुतळा त्याचाच. आर्थर १८८६ ते १८९० मुंबई लष्कराचा सरसेनापती होता. आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत तिला सम्राज्ञी जाहीर केले, त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली आणि तिचे नाव एम्प्रेस मिल पडले. वर्धा-हिंगणघाटचा कापूस तिकडे जाऊ लागला.

मुंबईत तिचा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या पैशाने उभा राहिला. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी त्यावर डांबर ओतले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. डांबर काही केल्या निघेना, शेवटी रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी ते उतरवले. पुढच्या वर्षी २२ जून रोजी, तिच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर याच बंधूंकडून गोळी झाडली गेली.

२२ जानेवारी १९०१ रोजी ती वारली. रुपयावर मुलाचा, सातव्या एडवर्डचा मुखवटा आला, तोही उघड्या डोक्याचा, मुकुटाविना. भायखळ्याच्या तिच्या नावाच्या बागेत आता तो काळा घोडाही आहे आणि शेजारच्या संग्रहालयात आल्बर्टचा पुतळा. लोक अजून राणीची बागच म्हणतात. पाटीवर मात्र वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव आहे.