बारा राशी आणि एक पियानो

(महोत्सवाच्या संगीतसंध्येस गायनमंडळाच्या वतीने केलेले भाषण)



महोत्सवाच्या या संध्याकाळी गायनमंडळाने चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाल्यावरून आम्ही आपणांपुढे उभे आहोत. आमचे काम गाण्याचे, बोलण्याचे नव्हे. शिवाय आज बोलावयाचे म्हणजे एका गोष्टीचा हिशेब देणे आम्हांस भाग आहे. महोत्सवी वर्षास आरंभ झाला त्या दिवशी याच ठिकाणी उभे राहून आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले होते की, दर महिन्यास एक याप्रमाणे वर्षभरात बारा नवी मराठी भक्तिगीते रचून ती देवालयास अर्पण करू. वर्ष संपले. गीते झाली सात. त्यांतील दोन तर अशी की, ती पुन्हा एकदा म्हणा असे आम्हांस अद्याप कोणी सुचविलेले नाही.

पाचव्या गीताची कथा निराळी. त्यात सॅक्सोफोन वाजला, आणि त्यावरून जी कुरबुर झाली ती आपण सर्वजण जाणताच. शनिवारी रात्री लग्नाच्या मांडवात जे वाद्य वाजते, तेच रविवारी सकाळी वेदीजवळ कसे वाजावे, असा प्रश्न आमच्या कित्येक वडीलधाऱ्यांनी केला. तो प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्यांनी तो विचारला, त्यांचे देवालयावर आमच्याहून कमी प्रेम नाही.

या दोन गोष्टी मनात घोळत असता, म्हणजे संकल्प पुरा झाला नाही ही एक व वाद्याचा आक्षेप ही दुसरी, एका बाईंचे चरित्र आमच्या वाचनात आले. त्यांचे नाव मेरी लू विल्यम्स. त्या अमेरिकेतील जाझ संगीतातील थोर पियानोवादक व रचनाकार होत्या. त्यांच्या आयुष्यातील एका वर्षाविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

जाझ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी आपल्या श्रमगीतांतून, भजनांतून व दुःखाच्या गाण्यांतून जे संगीत उभे केले, ते विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स शहरात या रूपास आले. त्यात वादक ठरलेली चाल हाती धरतो खरा, परंतु ती तशीच वाजवीत नाही. आपला गवई बंदिश धरून जसा तिचा विस्तार करतो, तसा तो आयत्या वेळी तिचा विस्तार करतो.

मेरी लू बाईंचा जन्म ८ मे १९१० रोजी अटलांटा येथे झाला. बालपण पिट्सबर्ग शहरात गेले. त्यांची आई मुलीस मांडीवर घेऊन पायपेटी वाजवीत असे. जेमतेम तीन वर्षांच्या त्या पोरीने एके दिवशी आईने वाजविलेले स्वर आपल्या बोटांनी परत वाजवून दाखविले, तेव्हा आई चकित झाली. पायपेटीच्या आवाजात ज्यांचे बालपण गेले, अशी माणसे आज या सभेतही बसलेली आहेत. त्यांस हे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास सायास पडू नयेत. पुढे बाईंनी कॅन्सस सिटीच्या अँडी कर्क यांच्या वाद्यवृंदात कित्येक वर्षे पियानो वाजविला. बेनी गुडमन व ड्यूक एलिंग्टन यांसारख्या नामांकित वाद्यवृंदप्रमुखांना त्यांनी संगीत लिहून दिले. पुरुषांच्या त्या जगात एका स्त्रीने लिहिलेले स्वर पुरुष वाजवीत होते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आता ते वर्ष. १९४५ साली बाई न्यूयॉर्कमध्ये होत्या. रात्री त्या ‘कॅफे सोसायटी’ या ठिकाणी वाजवीत. काळे व गोरे यांनी एकत्र बसून संगीत ऐकावे, म्हणून बार्नी जोसेफसन या गृहस्थांनी ते १९३८ साली उघडले होते. त्या वर्षी एका रेडिओ केंद्रावर दर आठवड्यास बाईंचा स्वतःचा कार्यक्रम होऊ लागला. तेव्हा त्यांनी योजिले की, बारा राशींवर बारा रचना कराव्या व दर आठवड्यास एक राशी श्रोत्यांपुढे वाजवावी. या मालिकेस त्यांनी ‘झोडिअ‍ॅक स्वीट’ असे नाव दिले.

येथे कोणी दचकू नये. फलज्योतिषाचा पुरस्कार करण्यास आम्ही उभे राहिलेलो नाही. फादरसाहेबांच्या कपाळावरील आठी आम्हांस येथून दिसते. ज्योतिषाचे एक पुस्तक बाईंच्या वाचनात आले होते, त्यातून ही कल्पना निघाली, हे खरे. परंतु राशी ही केवळ खुंटी होती. त्या खुंटीवर बाईंनी ज्यांची आठवण टांगली ते ग्रहतारे नव्हते. ती त्यांच्या ओळखीची, जिवाभावाची माणसे होती. मेष राशीची रचना बेन वेब्स्टर हा सॅक्सोफोनवादक व बिली हॉलिडे ही गायिका यांच्यासाठी. वृषभ ही बाईंची स्वतःची रास, व तीच ड्यूक एलिंग्टन यांचीही. मीन राशीच्या मानकऱ्यांत ते कॅफेवाले जोसेफसन. आणि तूळ राशीची रचना आर्ट टेटम, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल व थेलोनियस मंक यांच्यासाठी.

तूळ राशीपाशी आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. हार्लेममध्ये हॅमिल्टन टेरेस येथे बाईंचे बिऱ्हाड होते. मध्यरात्रीनंतर क्लब बंद झाले म्हणजे मंक, पॉवेल, गिलेस्पी हे तरुण वादक तेथे येत, पांढऱ्या गालिच्यावर बसकण मारीत, आणि ज्यास जे नवे सुचले असेल ते पियानोवर वाजवून दाखवीत. या मुलांच्या नव्या संगीतास पुष्कळ जुने वादक नाके मुरडीत. बाई वयाने व कीर्तीने मोठ्या, परंतु त्यांनी घराचे दार उघडे ठेविले. तूळ राशीच्या त्या मंद, विचारमग्न स्वरांत आम्हांस ते पहाटेचे बिऱ्हाड ऐकू येते. आमची समजूत चुकीचीही असू शकेल.

बारा रचना वेळेवर झाल्या का? तेथेच आमच्या मनास थोडा दिलासा मिळाला, हे कबूल केले पाहिजे. काही राशी लिहून तयार होत्या. उरलेल्यांस सवड मिळाली नाही, व त्या वाजविता वाजविताच आकारास आल्या, असे बाईंनी पुढे स्वतः सांगितले आहे. आठवडा कोणासाठी थांबत नसतो. ठरलेली घटका आली की बाकावर बसावे व बोटे पट्ट्यांवर ठेवावी, एवढेच त्यांच्या हाती होते. म्हणून त्या मालिकेत कोठे डाव्या हातात बूगी-वूगीचा दणकट ठेका आहे, कोठे फ्रेंच रचनाकारांची आठवण व्हावी असे धूसर स्वर आहेत, तर कोठे मध्येच लय बदलून वेगळीच वाट धरलेली आहे. ही मालिका त्याच वर्षी अल लुकस यांचा बास व जॅक पार्कर यांचे ड्रम यांच्या साथीने मुद्रित झाली.

नंतर वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९४५ रोजी, न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये तंतुवाद्ये व सुषिरवाद्ये यांच्या एका लहान वाद्यवृंदासह बारा राशी वाजविण्यात आल्या. जाझच्या वादकाने असा डाव मांडणे हे मोठे धाडस होते. तो सर्वस्वी साधला असे म्हणवत नाही. त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण १९९१ साली, म्हणजे बाईंच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी प्रसिद्ध झाले. ते ऐकले असता वाद्यवृंद ठिकठिकाणी अडखळतो, हे आमच्यासारख्यांच्याही ध्यानात येते. पुढल्या वर्षी त्यांपैकी तीन राशी कार्नेगी हॉलमध्ये सिंफनी वाद्यवृंदासह वाजल्या. आणि मग ही मालिका बहुतेकांच्या विस्मरणात गेली. वर्षाच्या श्रमाचे फळ काय, असे कोणी १९४६ च्या अखेरीस बाईंस विचारले असते, तर त्यांस फारसे दाखविता आले नसते.

१९५२ साली बाई युरोपात गेल्या. मन थकले होते. १९५४ साली पॅरिसमधील एका क्लबात त्या पियानोवरून उठल्या व चालू लागल्या. न्यूयॉर्कला परत आल्यावर त्यांनी वाजविणे सोडले. हार्लेममधील लूर्दमातेच्या देवालयात त्या तासन् तास प्रार्थना करीत. ज्यांच्यासाठी प्रार्थना करावयाची, त्यांच्या नावांच्या लांबलचक याद्या त्यांच्याजवळ असत. व्यसनात बुडालेल्या वादकांस त्या घरी आणून जेवू घालीत. देवाकडे जावयाचे तर क्लबांतले हे संगीत मागे ठेविले पाहिजे, अशी त्यांची त्या वेळी समजूत झाली होती.

बंधुभगिनींनो, आमच्या पाचव्या गीतावर जो आक्षेप आला, तो या बाईंनी स्वतःवरच घेतला होता. त्यामागे परंपराही आहे. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी देवालयातील संगीताविषयी जे आज्ञापत्र काढिले, त्यात देवालयात पियानो वाजविण्यास स्पष्ट मनाई होती. ड्रम व झांजा यांसही होती. उपासनेत नाट्यगृहाची गाणी शिरली होती, ती काढून टाकण्याचा त्यांचा हेतू होता, व तो योग्यच होता.

बाईंस परत पियानोकडे कोणी वळविले? धर्मगुरूंनीच. फादर जॉन क्रॉली व येशूसंघीय फादर अँथनी वुड्स यांनी त्यांस समजाविले की, तुमचे वादन हेच इतरांसाठी देवास अर्पण करिता येते. ते टाकून देण्याचे कारण नाही. मे १९५७ मध्ये बाईंनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. डिझी गिलेस्पी यांच्या पत्नी लोरेन याही त्यांच्याबरोबर होत्या. आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात न्यूपोर्टच्या जाझ महोत्सवात गिलेस्पी यांच्या वाद्यवृंदासह बाई पुन्हा लोकांपुढे पियानोवर बसल्या.

त्यांनी तेथे काय वाजविले असेल? कन्या, तूळ व मेष. त्या १९४५ सालच्या तीन राशी. बारा वर्षे गेली होती. हे वाचून आम्ही पुस्तक खाली ठेविले व बराच वेळ स्वस्थ बसलो.

पुढील हकिकत आम्ही लवकर आटोपतो. ६ मे १९६२ रोजी पोप तेविसावे जॉन यांनी पेरू देशातील लिमा येथील कृष्णवर्णीय डॉमिनिकन बंधू मार्टिन द पोरेस यांस संतपद दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात, त्यांच्या सणाच्या सुमारास, बाईंनी त्यांच्यावर रचलेले स्तोत्र न्यूयॉर्कमधील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या देवालयात गाइले गेले. त्याचे शब्द फादर वुड्स यांचे होते. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑर्गनचा मान कायम ठेवून, उपासनेस साजतील अशी इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने चालतील, असे ठरविले. त्यानंतर बाईंनी मिस्सेचे संगीत तीनदा रचिले, व त्यातील शेवटचे फेब्रुवारी १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये प्रत्यक्ष मिस्सेत वाजले. १९८१ साली त्या निवर्तल्या.

हे सर्व परदेशचे, आपला त्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध जवळचा आहे. गोव्याच्या पॅरिश शाळांत मेस्त्रींच्या हाताखाली व्हायोलिन व स्वरलेखन शिकलेली मुले मुंबईस आली, आणि १९३० च्या दशकापासून हॉटेलांतील जाझ वाद्यवृंद त्यांनीच भरले. ज्यांस लोक ‘चिक चॉकलेट’ म्हणत ते ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ त्यांपैकीच. १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटातील त्यांचे वादन आपण सर्वांनी ऐकले आहे. त्या मुलांनी देवालयात शिकलेली विद्या हॉटेलात नेली. तेव्हा सॅक्सोफोन मांडवातून देवालयात आला, असे आपण म्हणतो. तो परत आला, असेही म्हणता येईल.

आता हिशेबाचे उरलेले. जी दोन गीते फसली, ती आम्ही ‘सर्व धर्मग्रामासाठी’ म्हणून रचिली होती. आता वाटते की, रचिताना कोणाचाही चेहरा आमच्या डोळ्यांपुढे नव्हता. पाचवे गीत मात्र एका माणसासाठी होते. आयुष्यभर पहाटे येऊन वेदीवर फुले मांडणाऱ्या आमच्या आजी यंदा ऐन पावसाळ्यात देवाघरी गेल्या. त्यांच्या महिन्याच्या मिस्सेस ते गीत म्हटले गेले, व सॅक्सोफोन वाजविणारा त्यांचाच नातू होता. तो बँडमध्ये वाजवून पोट भरतो. आजीसाठी दुसरे कोणते वाद्य आणावयाचे, त्यास दुसरे येत नव्हते. ही गोष्ट त्या वेळी आम्ही आपणांस सांगावयास हवी होती. ती सांगितली नाही, ही चूक आमची.

उरलेली पाच गीते येत्या वर्षी होतील. कोणत्या महिन्यात, हे आज सांगत नाही. एकदा तोंड पोळले आहे. आता गायनमंडळ पाचवे गीत म्हणेल. फादरसाहेबांची संमती आम्ही घेतली आहे. वाजविणारा मुलगा काल रात्री वरातीत होता, पहाटे तीनला घरी आला, आणि साडेसहाच्या मिस्सेस तिसऱ्या बाकावर बसला होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.